दुसऱ्या हाताचा डाख

बारावा स्क्रू निघाला, पाठची फळी मी भिंतीला टेकवली, खोक्यात बॅटरीचा उजेड मारला आणि आत तारेच्या जोडावर माझा नसलेला एक सोल्डरचा डाख दिसला. माझ्या घरात, माझ्या खोक्यात, मी बांधलेल्या स्पीकरमध्ये. डाख देणाऱ्याचा हात मला ओळखता येतो. माझा डाख बसका आणि चकचकीत असतो. हा वर आलेला होता, मळकट, कमी तापवलेला, आणि त्यावर इन्सुलेशन टेपऐवजी जखमेवर लावतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीच्या आत खडूच्या तुकड्याएवढा पांढरा रेझिस्टन्स होता, चार पॉइंट सात ओहम, दहा वॅट. मी हातातला पेचकस इतका जोरात आपटला की फरशीचा टवका उडाला. मग दुसरं खोकं उघडलं. तिथेही तेच.

क्रॉसओव्हर म्हणजे काही जादूटोणा नाही. गाण्यातला जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज लहान ट्विटरकडे वाटून देणारी एक पट्टी असते. एक कॉइल, एक कपॅसिटर, आणि ट्विटर फारच डोक्यावर बसायला लागला तर त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स घालून त्याला जरा आवरायचं. सगळं कौशल्य त्या आवरण्यात आहे. कमी आवरलं तर आवाज टोचतो, जास्त आवरलं तर गाणारा घोंगडी पांघरून बसला आहे असं वाटतं. हा तोल यंत्रावर सापडत नाही, तो कानानंच शोधावा लागतो, आणि उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळात तो कान गेली एकोणीस वर्षं माझा आहे. माझ्या खोक्यात ट्विटरच्या वाटेत रेझिस्टन्स नव्हताच. तीन-चार वर्षांत मी तो आधी निम्मा केला होता आणि मग काढूनच टाकून सरळ तार जोडली होती, कारण दरवर्षी मला आवाज मंद वाटायचा. कोणीतरी ती तार कापली होती. हे कधी झालं असणार ते मला उभ्या उभ्या कळलं, कारण ही खोकी वर्षातून एकदाच, गणपतीच्या आधी उघडतात. मागच्या वर्षी मी ती लावून, बंद करून दोन दिवस इंदूरला अपर्णाकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, गेलो होतो. तेवढ्यात हे झालं. म्हणजे मागच्या वर्षीचा कार्यक्रम या पांढऱ्या तुकड्यांवर झाला होता.

आणि मागच्या वर्षीसारखं कौतुक माझं आयुष्यात झालं नव्हतं. भय्यासाहेबांनी, मंडळाच्या सेक्रेटरींनी, माइकवरून माझं नाव घेतलं. मी नोकरीला होतो ती कापडाची मिल चार वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हापासून माझं नाव कोणी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं. ज्या बायका त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या दोन रांगा सोडून मागे जाऊन बसल्या होत्या, पंख्याचा वारा सोसत नाही म्हणाल्या होत्या, त्या मागच्या वर्षी पुढे बसल्या. मला स्वतःला आवाज फार दबलेला वाटत होता, पण लोक वा वा करत असताना आपण कशाला तोंड उघडा म्हणून मी हार घालून घेतला आणि घरी आलो. यंदा मंडळाचं पन्नासावं वर्ष. कमिटीतल्या तरुणांना इंदूरहून भाड्याचा साउंड आणायचा होता, माणसाच्या उंचीचे काळे बॉक्स, तोच सगळीकडे चालतो आता. भय्यासाहेब त्यांच्याशी भांडले. मागच्या वर्षी बापूंचा साउंड ऐकलात ना, म्हणाले, मग झालं तर. म्हणजे यंदाचं माझं सगळं मागच्या वर्षावर उभं होतं, आणि मागचं वर्ष माझं नव्हतं.

मला आधी कमिटीतल्याच कोणाचा तरी संशय आला. एक रेझिस्टन्स उपटून खिशात टाकला आणि लूना काढून देवास गेटला गेलो. बसस्टँडसमोर शैलेंद्रचं दुकान आहे, रेडिओचे पार्ट, घड्याळाचे सेल, आता केबलच्या तारासुद्धा. असा दहा वॅटचा माल शहरात तो एकटाच ठेवतो. रस्त्यात महाकालला निघालेल्या यात्रेकरूंची बस आडवी लागली होती, मी तिच्या ड्रायव्हरला शिव्या दिल्या, त्यानं मला दिल्या, बरं वाटलं. शैलेंद्रसमोर तुकडा टाकून विचारलं, कोणाला दिलास. त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि हसत म्हणाला, “ये तो भाभीजी ले गई थीं बापू साब, पिछले साल। दो पीस। बोलीं, बापू ने मँगाए हैं। नंबर उन्हें मुँहज़बानी याद था।” शैलेंद्र माझ्याकडे तोंड वर करून बोलतो, प्रत्येक शब्द चावून, आणि मी त्याला नेहमी थोडा मंद समजत आलो. त्या वेळी मात्र मला त्याच्या काउंटरवरचं ते घड्याळाचं प्रकरण आठवलं. अपर्णानं पहिल्या पगारातून मला आकडेवालं घड्याळ दिलं होतं, दर तासाला वाजणारं. ते वाजायचं बंद झालं म्हणून मी शैलेंद्रकडे दोनदा सेल बदलायला नेलं आणि तिसऱ्यांदा त्याच्याशी भांडलो, तू डुप्लिकेट माल विकतोस म्हणालो. त्यानं घड्याळ माझ्या कानाला लावलं आणि “बज तो रही है” एवढंच म्हणाला. मी ते हिसकावून घेऊन निघून आलो होतो.

रजनी. माझी बायको. नंबर तोंडपाठ असणारच तिला. चार पॉइंट सात हा आकडा आम्ही दोघांनी मिळून काढला होता, सत्याहत्तर साली, हे स्पीकर नवे असताना. तेव्हा आमची एक पद्धत होती. मी खोक्यामागे हातात गरम सोल्डरिंग घेऊन बसायचो आणि ती समोर सहा फुटांवर लाकडी खुर्चीत. रेकॉर्ड लावायची, मी एक रेझिस्टन्स टेकवायचो, ती म्हणायची टोचतंय, मी दुसरा टेकवायचो, ती म्हणायची झाकलं, आणि असं करत करत एक वेळ अशी यायची की ती काहीच म्हणायची नाही. मी डोकं बाहेर काढून बघायचो तर ती गाणं ऐकत बसलेली असायची, माझ्याकडे लक्षच नसायचं तिचं. तेव्हा डाख द्यायचा. त्या खोलीत तेव्हा पाळणा होता, कॉट होती, आणि दोन खोक्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात जावं लागायचं, तरी तिनं कधी कुरकुर केली नाही. तारांना पीळ आधी, डाख मग, हे मी तिला तेव्हाच शिकवलं होतं. पुढे केव्हातरी ती फारच वेळा टोचतंय म्हणायला लागली. मी म्हणालो, तुला आता गाण्यातलं कळेनासं झालंय, तू उठ. ती उठली. त्यानंतर खोक्यामागचा आणि खुर्चीतला असा दोन्हीकडचा माणूस मीच झालो, आणि पद्धत मोडली हे माझ्या लक्षातही आलं नाही.

घरी आलो तेव्हा ती ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. मी तो तुकडा कोथिंबिरीच्या ढिगावर टाकला. ती दचकली नाही, याचा मला जास्त राग आला. कोणाला विचारून, असं मी विचारलं. ती म्हणाली, कोणाला विचारणार होते मी, तुम्हाला विचारून तुम्ही करू दिलं असतं का. मी म्हणालो की मी तेवीस वर्षं मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होतो, अख्ख्या साचाखात्याचं वायरिंग माझ्या हाताखालून गेलं, आणि तू माझ्या मागे चोरासारखी माझ्या खोक्यात हात घालतेस. मी बरंच बोललो. तिच्या डाखावरही बोललो, जखमेच्या पट्टीवरही. ती कोथिंबिरीचे देठ खुडत राहिली आणि मग मान न उचलता काहीतरी बोलली. ते मला कळलं नाही. “वर बघून बोल,” मी ओरडलो. आणि तिनं वर बघितलं.

“हेच तर,” ती म्हणाली. “वर बघितलं की तुम्हाला ऐकू येतं.”

साचाखात्यात दोनशे माग एका वेळी चालायचे. तिथे बोलणं कानानं ऐकायचं नसतं, बघायचं असतं. आठ दिवसांत नवा माणूस ओठ वाचायला शिकतो, वर्षभरात तो खात्याच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाशी आवाज न काढता भांडू शकतो. आम्हाला त्याचा अभिमान होता. बाहेरच्या लोकांना फाटकाबाहेर आल्यावर आम्ही उगाच ओरडतो असं वाटायचं, आम्हाला ते सगळे पुटपुटे वाटायचे. कानात कापूस घालावा असं कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर आम्ही त्याला हसलो असतो, कारण माग बिघडला की इलेक्ट्रिशियनला तो आधी ऐकूनच कळायला हवा. मिल बंद झाली, फाटकाला कुलूप लागलं, आणि मला वाटलं की मी तिथून काही न आणता बाहेर पडलो. पण मी ती सवय घेऊन आलो होतो. चार वर्षं मी या घरात माणसांची तोंडं बघून त्यांना उत्तरं देत होतो आणि याला ऐकणं म्हणत होतो. गाण्याला तोंड नसतं, स्पीकरच्या कापडात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथेच ते उघडं पडलं. हे सगळं आता लिहिताना सोपं वाटतं. त्या वेळी स्वयंपाकघरात मला एवढंच कळत होतं की हिनं मला पकडलं आहे, आणि पकडल्या गेलेल्या माणसाचा राग वाईट असतो.

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. तिनं हात पदराला पुसले. मग मला नीट दिसेल अशा बेतानं ती बोलली. “अप्पू गच्चीवर पडली होती तेव्हापासून. अकरा वर्षं झाली. ती वरून हाका मारून राहिली होती, मी नळावर होते, मला तिथपर्यंत ऐकू आलं. तुम्ही जिन्याखाली पेपर वाचत होते.”

मला ती दुपार आठवते. अपर्णा दहा वर्षांची होती, पाय पोटरीपाशी मोडला होता. डॉक्टरकडे नेताना रिक्षात मी तिच्यावर ओरडलो होतो की एवढा वेळ पडून राहिलीस आणि हाक मारता आली नाही तुला. ती म्हणाली, मारली ना बाबा. मी खोटं बोलू नकोस म्हणालो आणि मोडक्या पायाच्या मुलीला थप्पड दिली. रजनी समोर बसली होती, तिनं फक्त मुलीला स्वतःकडे ओढून घेतलं. त्या थपडेसकट ती अकरा वर्षं गप्प राहिली होती. मला अपर्णाला मारल्याची लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, पुष्कळ वाटली. पण त्या क्षणी जे माझ्या डोक्यात उसळलं तो निव्वळ संताप होता. तेव्हाच का नाही सांगितलंस, मी म्हणालो. तेव्हा सांगितलं असतंस तर मी डॉक्टरकडे गेलो असतो, त्या खात्यातून बदली मागितली असती.

“तेव्हा घाबरले, नोकरी जाईल म्हणून,” ती म्हणाली. “मग मिलच गेली. मग सांगून काय करायचं होतं? तुमच्याकडे दुसरं काय उरलं होतं?”

मग मी जे करू नये ते केलं. कोथिंबिरीवरचा तुकडा उचलून बाहेरच्या खोलीत आलो, दुसऱ्या खोक्यातलाही रेझिस्टन्स कापून काढला, दोन्हीकडे सरळ तार जोडली आणि चोवीस स्क्रू इतके आवळले की एकाची खाच गेली. ती दारात उभी राहून बघत होती. काही बोलली असेल तर मी पाहिलं नाही. दुपारी हातगाडीवाला आला आणि खोकी मंडळाच्या हॉलवर गेली. मी त्याच्यामागे चालत गेलो, पिशवीत माझी हत्यारं, आणि का कोण जाणे, खिशात ते दोन पांढरे तुकडे.

हॉलवर तयारी चालली होती. जयू स्टेजवर तानपुरा लावत बसली होती. ही मुलींच्या शाळेत गाणं शिकवते, चांगली गाते, लहानपणी आमच्याकडे रेकॉर्ड ऐकायला यायची. संध्याकाळचा कार्यक्रम तिचाच होता. मी वायरी जोडल्या, अॅम्प्लिफायरचं मशीन सुरू केलं, तिला म्हणालो, गा. तिनं सूर लावला. मला आवाज अगदी माझ्या मनासारखा ऐकू आला, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा, मागच्या वर्षी गेलेलं सगळं परत आलेलं. रजनी चुकली, मला वाटलं, आणि छाती भरून आली. मग मी लोकांकडे बघितलं. एक सबंध आयुष्य मी तोंडं बघण्यात काढलं आहे, तोंडं मला फसवत नाहीत. पेटीवाल्याचा एक डोळा बारीक झाला होता. जयू गाता गाता पदर डोक्यावरून ओढून घेत होती, दोन्ही कानांवर घट्ट. खाली सतरंज्या घालणाऱ्या दोघी बायकांनी आपलं काम उचललं आणि चार रांगा मागे जाऊन सुरू केलं. भय्यासाहेब पुढे बसले होते. त्यांनी हात वर करून “एकदम बढिया, बापू” असं म्हटलं, आणि म्हणताना त्यांचा जबडा आवळलेला होता. मी त्या बायकांना विचारलं, मागे का गेलात. पंख्याचा वारा लागतो हो बापू, त्यातली एक म्हणाली, फार गोड हसून. मी वर बघितलं. पंखा बंद होता. लाइटवाला शिडीवर चढून त्याच्या पात्यांना पताका बांधत होता.

मला वाटतं, त्या हॉलमधल्या एकेकाला धरून हलवावं इतका राग मला त्या वेळी आला. तो त्यांच्या कानांचा नव्हता, त्यांच्या चांगुलपणाचा होता. वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगायचं, बिचाऱ्याची मिल गेली, वर्षातून एक दिवस, घेऊ सोसून. किती वर्षं सोसत होते हे लोक? माझ्या पाठीमागे किती घरांत माझ्या स्पीकरवर हसून झालं होतं, आणि पुन्हा दरवर्षी हार? मी मशीन बंद केलं आणि स्टेजसमोर येऊन म्हणालो, खरं सांगा. भय्यासाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तुमच्या कानावर आमचा पूर्ण भरोसा आहे. मी तो हात झटकला. सत्तरीचे आहेत ते, असं करायला नको होतं. पण मी झटकला, आणि मागे, जिथे बायका प्रसादाच्या पुड्या बांधत होत्या, तिथे रजनी आलेली दिसली. मी लोखंडी खुर्ची उचलली, हॉलच्या मधोमध आणून ठेवली आणि तिला म्हणालो, बस.

सगळे बघत होते. तिला ते आवडलं नाही, तिचे कान लाल झाले, पण ती आली आणि बसली. मी दुसऱ्या खोक्याची वायर काढली, मशीन पुन्हा सुरू केलं, जयूला गायला सांगितलं आणि पहिल्या खोक्यामागे जाऊन पुन्हा स्क्रू काढले, खाच गेलेला पकडीनं उपटला. चार पॉइंट सात टेकवला. डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघितलं. अजून टोचतंय, ती म्हणाली. हॉल मोठा आहे, घरापेक्षा भिंती उघड्या, म्हणजे बरोबर होतं तिचं. पिशवीत दोन ओहमचे जुने चार-पाच होते, त्यातला एक पुढे जोडला. ती म्हणाली, थोडं अजून. प्रत्येक वेळी मी तार टेकवली की जयू माझ्यापासून एक पाऊल लांब जात होती. आधी तिचे शब्द गेले, मग तानपुऱ्याची झण गेली, मग तिचा वरचा षड्ज एखाद्या बंद खोलीतून यावा तसा झाला. शेवटी मला तबल्याचा डग्गा आणि गाण्याची नुसती गादी ऐकू येत होती. मी डोकं बाहेर काढलं. रजनी काहीच म्हणत नव्हती. ती जयूकडे बघत होती, पेटीवाल्याचा डोळा उघडला होता, सतरंजीवाल्या बायका काम सोडून उभ्या होत्या. म्हणजे तोल सापडला होता. मी डाख नीट दिला, बसका आणि चकचकीत, आणि दुसऱ्या खोक्यातही तसाच दिला.

संध्याकाळी हॉल भरला. मी नेहमी मशीनपाशी उभा असतो, यंदा रजनीशेजारी तिसऱ्या रांगेत बसलो. पहिली चीज संपली तेव्हा भय्यासाहेब पुढच्या रांगेतून मागे वळले. दुपारचं काहीच मनात न ठेवता ते म्हणाले की बापू, कान असावा तर तुमच्यासारखा. मी म्हणालो, “कान हिचा आहे.” ते हसले, त्यांना तो माझा विनय वाटला, आणि पुन्हा पुढे वळले. दुपारी त्या सगळ्यांसमोर एवढं झालं आणि तरी कोणाला काही कळून घ्यायचं नव्हतं.

मग जयूनं एक पद सुरू केलं. मला ओळखता आलं नाही. लोक पहिल्याच ओळीला हलले, माझ्या उजवीकडच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले, आणि मला चाल तेवढी कळत होती, ठेका कळत होता, त्यात ती काय म्हणते आहे ते कळत नव्हतं. स्टेजवर फुलांची परडी अशी ठेवली होती की तिचं तोंडही दिसत नव्हतं. शेवटी मी रजनीला विचारलं, काय गातेय ही. ती आजूबाजूला बघून हळूच माझ्याकडे झुकली, तोंडासमोर पदर धरला आणि कोणाला कळू नये अशा बेतानं माझ्या कानात कुजबुजली. अकरा वर्षांची सवय. मी तिचा पदर धरून खाली ओढला.

“असं नाही,” मी म्हणालो, आणि ते बरंच लांब गेलं असणार, कारण पहिल्या रांगेपर्यंतच्या माना वळल्या. “मला ऐकू येत नाही, रजनी. मोठ्यानं सांग.”